आंबट, कडक आणि चेरीची: क्रीक बिअर चाखायची कशी

बाटलीवर लालभडक चेरी बघून लोक सरबताच्या तयारीने घोट घेतात आणि तोंडात येते ती आंबटढाण बिअर, गोडवा औषधालाही नाही. 'खराब झालीय वाटतं' म्हणत ग्लास बाजूला सरकवला जातो. महागाची बाटली अशी वाया जाऊ नये, म्हणून थोडी तयारी.

आधी ही बिअर होते कशी ते बघू. ब्रसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येला पसरलेल्या पायोटनलांड भागात गहू आणि जवाच्या माल्टचं उकळलेलं पाणी थंडीच्या रात्री उथळ, उघड्या हौदात निवत ठेवतात. यीस्ट वेगळं घालत नाहीत. हवेतलं, लाकडातलं यीस्ट आणि जिवाणू आपापले येऊन काम सुरू करतात. मग ओकच्या पिंपांत महिनोन् महिने मुक्काम. ही झाली लॅम्बिक. तिच्यात आंबट चेरी घातल्या की आंबवण नव्याने जोर धरतं आणि फळातली साखर यीस्ट फस्त करून टाकतं. मागे उरतो रंग, वास आणि आंबटपणा. ही क्रीक.

बाटली निवडताना

लेबलवर 'आउडे क्रीक' असं लिहिलेलं बघा. युरोपीय संघात हे नाव संरक्षित आहे आणि ते पारंपरिक, साखर न घातलेल्या क्रीकलाच लावता येतं. नुसतं 'क्रीक' असेल तर बहुधा गोड केलेली निघते. तीही वाईट नाही, पण तिला चाखायला लेख लागत नाही. कडक हवी असेल तर लेंबेक गावच्या बून ब्रुअरीची 'मारियाज पार्फे' क्रीक: अल्कोहोल 8 टक्के, आणि लिटरमागे सुमारे 400 ग्रॅम चेरी. बाटली फार जुनी घेऊ नका. वर्षं जातात तसा चेरीचा वास विरत जातो, आंबटपणा मात्र हलत नाही.

उघडणं आणि ओतणं

बाटली आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. प्यायच्या साधारण वीस मिनिटं आधी बाहेर काढा. 10 ते 12 अंशांवर ही बिअर बोलू लागते. बर्फगार असताना फक्त आंबट लागते. (पुण्या-नागपुरातल्या मे महिन्यात दहा मिनिटं पुरेत.) बुचावर तारेची जाळी असेल तर ती सैल करतानाच अंगठा बुचावर दाबून धरा आणि बूच नव्हे, बाटली फिरवा. आत दाब बराच असतो. ज्यांनी हे घाईत केलं त्यांच्या छतावर गुलाबी डाग आहेत.

ग्लास वाइनचा चालेल, पोट मोठं आणि तोंड निमुळतं. एक तृतीयांशच भरा. फेस गुलाबी येतो. पहिला ग्लास गाळाविना ओता.

वास, मग घोट

इथे वेळ काढा. ग्लास हलकेच फिरवून नाक आत घाला आणि एकदा छोटासा श्वास घ्या. आधी चेरी येते. तिच्या मागे कडू बदामासारखा वास आला तर तो चेरीच्या बियांचा. आणि तिसरा वास नव्या माणसाला बुचकळ्यात पाडतो: पावसात भिजलेल्या गवताच्या गंजीशेजारी उभं राहिल्यासारखा, थोडा चामड्याचा, थोडा गोठ्याचा. तो ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचा. साध्या बिअरमध्ये हा दोष ठरतो, इथे त्याच्यासाठीच पैसे मोजलेले असतात. पण नाकात व्हिनेगरसारखी झणझणीत तिडीक गेली तर मात्र शंका घ्या. क्रीकचा मुख्य आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, म्हणजे दह्यात असतं त्याच आम्लाचा, आणि ते नाकाला टोचत नाही.

पहिल्या घोटावर मत बनवू नका. त्या घोटाला जीभ फक्त दचकते, गालाच्या आत पाणी सुटतं. चमचाभरच घ्या, तोंडात फिरवा, गिळा, थोडं थांबा. दुसऱ्या घोटाला फळ सापडतं. तिसऱ्याला हिरड्यांवर तुरटपणा जाणवेल, तो चेरीच्या सालीचा आणि ओकचा. गिळल्यावर घशात जी ऊब उतरते ती 8 टक्क्यांची. आंबटपणाखाली ती लपून राहते, त्यामुळे ही बिअर हलकी वाटते. हिशोब असा: 375 मिलीच्या बाटलीत 30 मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीच्या 60 मिलीच्या लार्ज पेगपेक्षा किंचित जास्तच. एक बाटली दोघांत पुरे, आणि गाडी दुसऱ्याने चालवावी.

सोबत काय?

तिखट नको. आंबट आणि अल्कोहोल मिळून मिरचीची आग वाढवतात, त्यामुळे मिसळ किंवा तांबडा रस्सा दुसऱ्या दिवशी. ब्रसेल्सच्या जुन्या कॅफेंत हिच्याबरोबर पावावर थापलेलं ताजं मऊ चीज, मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात देतात. घरी घट्ट चक्का, मीठ आणि कोवळा मुळा घेतला तरी छान जमतं. डार्क चॉकलेटही चालतं, पण मला चक्का-मुळ्यापुढे ते फिकं वाटतं.

पित्ताचा त्रास असेल तर रिकाम्या पोटी हात लावू नका. दात आंबले तर लगेच ब्रश करू नका, साध्या पाण्याने चुळा भरा.

उरलीच तर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. बुडबुडे गेलेले असतील तर स्वयंपाकात वापरा. बेल्जियममध्ये क्रीकमध्ये ससा शिजवतात. आपण चिकनच्या बिनतिखट रश्श्यात अर्धी वाटी घालून बघावी, वर गुळाचा छोटा खडा.