जुनं फर्निचर घरी आणताय? या चुका टाळा

पुण्याचा जुना बाजार असो, मुंबईचा चोर बाजार असो की ओशिवऱ्यातली फर्निचरची दुकानं, जुनी वस्तू निवडताना लोक सहसा फार चुकत नाहीत. गडबड होते ती टेम्पोतून सामान उतरल्यावर. दिवाळी तोंडावर असते, पाहुणे यायचे असतात आणि आजोबांच्या वयाचं कपाट संध्याकाळपर्यंत पुसून, पॉलिश मारून जागेवर लागतं. माझा आग्रह एकच आहे: जुन्या लाकडाला घरात घेण्याआधी दोन-तीन आठवडे गॅलरीत किंवा गच्चीवर आडोशाला ठेवा. पुढचा बराच खर्च तिथेच वाचतो.

आणल्या आणल्या बेडरूममध्ये ठेवणं

पलंगाचे सांधे, वेताच्या खुर्चीचे कोपरे, सोफ्याची शिवण ही ढेकणांची ठरलेली घरं. काळे ठिपके किंवा रिकाम्या काती दिसल्या की समजून जा. "दुकानात किती महिने पडून होतं, आता काय असणार?" या बोलण्यावर जाऊ नका, ढेकूण कित्येक महिने उपाशी जगतो. पॉलिश नसलेल्या लाकडाच्या खाचांत उकळतं पाणी ओतता येतं. पॉलिशवर त्याचे पांढरे डाग पडतात, तिथे पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलवा. जुन्या गादीचा कापूस आणि कापड मात्र ठेवूच नका.

दुसरा शत्रू भुंगा. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसतात. भोकं आहेत म्हणजे कीड जिवंत आहेच असं नाही, ती वीस वर्षांपूर्वीचीही असू शकतात. म्हणून आधी सगळी भोकं ब्रशने झटकून घ्या आणि कपाटाखाली काळा कागद अंथरून ठेवा. काही दिवसांनी कागदावर मैद्यासारखी बारीक पूड पडलेली दिसली तर कीड आत काम करते आहे. मग कीडनाशक इंजेक्शनच्या सिरिंजने भोकाभोकांत सोडावं लागतं आणि वरून मेणाने भोकं बुजवावी लागतात. पूड पडली नाही तर निर्धास्त राहा, पण पावसाळ्यात एकदा पुन्हा कागद अंथरा. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, लागते ती सालीलगतच्या पांढरट भागाला. त्यामुळे खण पूर्ण बाहेर काढून मागची आणि खालची, पॉलिश न केलेली बाजू बघा. लाकूड खरंच सागवानी आहे की आंब्याच्या फळीला गडद रंग दिलाय, हेही तिथेच कळतं.

पाय ठोकून पाहिल्यावर पोकळ वाजले, तर वस्तू कितीही आवडली तरी दुकानातच सोडा.

जुलैत रंधा मारणं

ही चूक मला सर्वांत जास्त दिसते. पावसाळ्यात खण अडकतो, दार चौकटीला घासतं. सुताराला बोलावलं जातं आणि तो दोन मिनिटांत कड तासून देतो. लाकूड दमट हवेत फुगलेलं असतं. जानेवारीत ते आवळतं, तासलेली कड काही परत येत नाही, आणि दारात बोटभर फट राहते. खणाच्या पट्ट्यांना साधी मेणबत्ती किंवा अंगाचा कोरडा साबण घासा आणि दिवाळीपर्यंत थांबा. त्यानंतरही अडकत असेल तरच रंधा.

वेताची बैठक सैल झाली म्हणून लगेच प्लॅस्टिकची जाळी लावू नका. वेत तुटलेला नसेल तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने ओल्या फडक्याने चांगला भिजवा आणि सावलीत वाळू द्या. वाळताना तो ताणला जातो.

सगळं घासून नवं करणं

जुन्या फर्निचरवर बहुधा चपडा (लाख) आणि स्पिरिटचं फ्रेंच पॉलिश असतं. मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा लावून पाहा. थर चिकट झाला तर तेच पॉलिश आहे, आणि त्यावर त्याच पॉलिशचा नवा हात नीट बसतो. मशीनने खरवडून वर पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकसारख्या पॉलिशचा) जाड थर चढवला की इतक्या वर्षांची झळाळी गेली. मग नवंच का घेतलं नाही?

वाड्याचं दार आणून त्याचं टेबल करणाऱ्यांनी जास्त जपावं. त्यावरच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. असा रंग कोरडा घासला की विषारी धूळ घरभर होते. रिमूव्हर वापरा किंवा वॉटर पेपरने ओला घासा, मास्क लावा, आणि मुलं व गरोदर बाई असलेल्या घरात हे काम बाहेरच करून घ्या.

पितळेचं म्हणाल तर पूजेची समई चिंचेने लख्ख घासावी, पण कोपऱ्यात झाड लावायला आणलेलं घंगाळ काळसरच शोभतं असं माझं मत. जुन्या पातेल्यात ताक किंवा आमटी करायची असेल तर आधी कलई करून घ्या.

दिसण्यावर भुलणं

चकचकीत पितळी कर्णा आणि अष्टकोनी पेटी असलेला "अस्सल" ग्रामोफोन बहुतेक वेळा अलीकडेच जोडलेला असतो. शोभेला हवा असेल तर शोभेच्या वस्तूचीच किंमत द्या.

कापडी वेष्टनाची वायर असलेला दिवा थेट प्लगमध्ये घालू नका. वायर आणि होल्डर बदला, धातूचा असेल तर अर्थिंगसह तीन पिनचा प्लग लावा. झुंबराचा हुक स्लॅबमध्ये हवा, पीओपीत नको.

आणि काही वस्तू घ्यायच्याच नाहीत. हस्तिदंताची पेटी, सांबराची शिंगं यांची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, विक्रेता काहीही सांगो. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू ठरते. तिची नोंदणी लागते, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलासाठी देवघर सजवायला काही घेत असाल, तर हे दुकानातच विचारा आणि पक्कं बिल घ्या.