बायफोकल घेतलं आणि गणित गेलं

२०१५ साली अकरावीच्या अ‍ॅडमिशनला अण्णा आणि मी अहमदपूरहून पहिल्या एसटीने लातूरला गेलो. दहावीला गणितात ९४ होते. कॉलेजच्या खिडकीवर बाबूंनी विचारलं, "ग्रुप कोणता?" मी तोंड उघडायच्या आत शेजारी उभा असलेला क्लासचा माणूस बोलला, "बी ग्रुप टाका, सोबत क्रॉप सायन्स. डॉक्टर व्हायचंय ना लेकराला, गणित कशाला?" बी ग्रुप म्हणजे गणित सोडून बायोलॉजी. अण्णांनी सही केली. दोन मिनिटांचं काम होतं ते. निस्तरायला पुढं अख्खं वर्ष गेलं.

नीट म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, सीईटी म्हणजे राज्यातली इंजिनिअरिंग, फार्मसी, अ‍ॅग्रीची, एवढं तुम्हाला माहीत असेलच. विषयांचा हिशेब मात्र मी सविस्तर सांगणार, कारण तो मला कुणी सांगितला नाही. इंग्रजी सक्तीचं. साध्या सायन्सला त्यासोबत मराठी, हिंदी, आयटी असं काहीतरी एक, आणि फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी हे चारही घेता येतात. बायफोकल, म्हणजे क्रॉप सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे व्यावसायिक विषय, २०० मार्कांचं असतं आणि दोन विषयांची जागा खातं. एक जागा भाषेची. दुसरी गणिताची नाहीतर बायोलॉजीची. मार्क चांगले पडतात, मराठीचा पेपर सुटतो, हे खरंय. पण कोणता विषय गेला, ते पावतीवर कुठंच लिहिलेलं नसतं. पावतीवर फक्त घेतलेले विषय असतात.

आणि गणित गेलं म्हणजे काय गेलं? आपल्या राज्यात इंजिनिअरिंगला बारावीत फिजिक्स आणि गणित लागतंच. आर्किटेक्चरलाही. एनडीएतून, म्हणजे सैन्यदलाच्या अकादमीतून, एअर फोर्स, नेव्ही हवी असेल तरी तेच. २०२१ मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, गणित ऐच्छिक केल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यावर विसंबू नका. सीईटी घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान स्वतः वाचा. बी ग्रुपवाल्यांनी लगेच घाबरूनही जाऊ नये. फार्मसीला गणित किंवा बायोलॉजी, दोन्हींतलं एक चालतं, परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बी.एस्सी. अ‍ॅग्रीलाही चालतं.

माझी नीट २०१७ ला हुकली. २०१८ ला रिपीटर बॅचमधून पुन्हा दिली, ७२० पैकी ३८६. तेव्हा मेडिकलला ७०:३० चा कोटा होता, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्याच पोरांना, मराठवाड्याच्या पोरांना तो जाचायचा, २०२० मध्ये गेला एकदाचा. पण ३८६ चं खापर मी त्याच्यावर फोडत नाही. एकदा रिपीट करणं ठीक. तिसऱ्या-चौथ्यांदा करणारे रूम पार्टनर मी पाहिलेत. त्यांच्याकडं सल्ला मागायला जाऊ नका, डबा मात्र वाटून खा.

मग कळलं, मंडळाच्या परीक्षेला 'तुरळक विषय' घेऊन बसता येतं. नुसतं गणित घेतलं. ८० चा पेपर, २० चं प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलच्या दिवशी मी जर्नल घेऊन दारात उभा, तर एका पोरानं मलाच विचारलं, "सर, जर्नल कुठं ठेवायचं?" मी टेबल दाखवलं आणि त्याच्या मागं रांगेत उभा राहिलो. पास झालो, २०१९ ला पीसीएमची, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणिताची सीईटी दिली, नांदेडला इंजिनिअरिंग मिळालं. म्हणजे चूक दुरुस्त होते. पण घरभाडं आणि मेसचं बिल त्या वर्षीही थांबत नाही.

मन ठरलं नसेल तर पीसीएमबी घ्या, म्हणजे गणित आणि बायोलॉजी दोन्ही. सीईटीचे दोन्ही ग्रुप देता येतात. क्लासवाले ओरडतील, "दोन दगडांवर पाय!" ओरडू द्या. इंजिनिअरिंगच्या पात्रतेला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित या तिन्ही विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. तेवढ्यापुरतं गणित नीटचा अभ्यास करता करता होतं. आणि बायोलॉजीवर मनापासून जीव असेल, गणित बघून ताप येत असेल, तर खुशाल बी ग्रुप घ्या, मी कोण अडवणारा? फक्त क्लासच्या माणसाला विषय विचारू नका. त्याला बॅच भरायची असते. आपल्या गावचा दोन वर्षं पुढचा पोरगा, नापास झालेला का असेना, जास्त खरं बोलतो.

आता अकरावीचं अ‍ॅडमिशन राज्यभर ऑनलाइन झालंय, तरी विषय ठरतात कॉलेजातच. तिथला फॉर्म भरून झाला की सहीआधी घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. अण्णांचा चष्मा त्या दिवशी घरीच राहिला होता.