तातडीची माहिती आणि वाचनाचा तास

जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत मी दुसरीचा वर्ग घेते. व्हॉट्सअॅपवर 'अतितातडीचे, आजच सादर करा' असा मेसेज आला की शिकवणं तिथेच थांबायचं. माहिती बहुतेक वेळा तीच: प्रवर्गनिहाय पट, मुलं-मुली, किती जणांचं आधार झालं. मुलांचं वाचन मात्र आजच्या आज कुणी मागत नाही. तिसरीच्या अखेरीस प्रत्येकाला समजून वाचता यावं, हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे. माझ्या लेखी यापेक्षा मोठं काम शाळेत नाही.

मग एक फुलस्केप वही केली. सगळे आकडे तक्त्यात, पेन्सिलने; कुणाचा दाखला आला-गेला की त्याच दिवशी दुरुस्ती. आता विचारलेली माहिती वहीत बघून लगेच पाठवता येते. परिपाठानंतरचा पहिला तास फक्त वाचनाचा, फोन कपाटात. खरंच निकड असेल तर शाळेतल्या दुसऱ्या सरांना फोन करा, असं केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना, आधीच सांगून ठेवलं, त्यांनीही मानलं. पोषण आहाराची नोंद जेवणानंतर, बाकीचं शाळा सुटताना.

त्या तासात एकेकाला जवळ बसवून वाचून घेते. 'प्रकाश'ला 'पकाश' म्हणणारी एक पोर परवा अक्षरावर बोट ठेवून थांबली, "बाई, याला र जोडलाय," म्हणाली आणि पुन्हा नीट वाचलं.

सर्वेक्षणाचं काम लागलं की सकाळचा तास अजूनही बुडतो. त्या दिवशी तो दुपारी घेते.