जाणीव कशी उगवली, हे मुलांना बेडकावरून दाखवा

मी रावेरकडे विज्ञान शिकवते. पावसाळ्यात केळीच्या बागेत, ठिबकच्या नळीजवळ बेडूक हमखास सापडतो. मुलांना तिथेच उकिडवं बसवा. दोऱ्याला बारीक काळी गाठ मारून बेडकासमोर हलवा. बहुधा झडप घालतो (गिळू देऊ नका). गाठ स्थिर ठेवली, की ढुंकूनही बघत नाही. हे काम मध्यमेंदूतल्या टेक्टम नावाच्या भागाचं. समोरच्या जगाचा नकाशा तिथे असतो.

मग सांगा: सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी कँब्रियन काळात डोळे आले, शिकार वाढली. काय टिपायचं नि काय सोडायचं, यावर जगणं-मरणं ठरू लागलं. जाणिवेचं मूळ तिथे असावं, असं काही शास्त्रज्ञ मानतात.

बेडकाला जाणीव असतेच, असं मात्र ठोकून देऊ नका. टिपणं वेगळं, जाणवणं वेगळं. पोरांना इथे मनसोक्त भांडू द्या.