हिवाळ्यात एकट्याने आइसलँडच्या गरम पाण्याच्या तलावावर जाताना या चुका टाळा

मी तीन हिवाळे एकटीने आइसलँडला जाऊन आले आहे. तेव्हापासून पुण्यातील ओळखीपाळखीचे लोक तिकडे निघण्यापूर्वी माझ्याकडे चौकशीला येतात, सगळे नीट ऐकून घेतात आणि परत आल्यावर बहुतेकदा त्याच दोन-तीन चुकांची हकीकत सांगतात. त्यांची सगळी काळजी पाण्याची असते: ते किती गरम असेल, सोसेल का, खोल असेल का. वास्तविक पाणी हा या सहलीतला सर्वांत सोपा भाग आहे, कारण ते साधारण ३७ ते ४० अंश सेल्सिअसवर राखलेले असते. चुका होतात त्या पाण्यात उतरण्यापूर्वी आणि पाण्याबाहेर आल्यानंतरच्या पाव तासात.

पहिली आणि सर्वांत घातक चूक म्हणजे विमानातून उतरल्या दिवशीच तलावाची वेळ आरक्षित करणे. ब्लू लगून हा तिथला प्रसिद्ध गरम पाण्याचा तलाव केफ्लाविक विमानतळापासून गाडीने जेमतेम वीस मिनिटांवर आहे आणि राजधानी रेक्याविक त्याहून बरीच लांब, पाऊण तासावर आहे. त्यामुळे नकाशा पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते की वाटेतच आहे, तर उरकून टाकू. हा ‘उरकून टाकू’ शब्द ऐकला की मला खरोखर वाईट वाटते. इतका खर्च करून, इतक्या लांब जाऊन जी गोष्ट पाहायची, तीच झोप न झालेल्या शरीराने उरकायची, यात कोणती बचत होते हे मला आजवर कळलेले नाही.

माझ्या पहिल्या खेपेस मीही हेच केले होते. डिसेंबरात संध्याकाळी सात वाजता पुण्याहून मुंबईला निघाले, पहाटेचे विमान, मग युरोपात विमान बदलणे, आणि केफ्लाविकला उतरले तेव्हा तिथे दुपारचे साडेतीन वाजले होते व सूर्य मावळत होता. आइसलँडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे, म्हणजे माझ्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचे नऊ वाजले होते आणि घर सोडून सव्वीस तास झाले होते. त्या काळात विमानातली कॉफी आणि अर्धवट टाकलेले एक सँडविच एवढेच पोटात गेले होते. पाच वाजता मी पाण्यात उतरले. वाफेत समोरचा माणूस दिसत नव्हता, डोक्यावर बर्फाचे कण पडत होते आणि गळ्यापासून खाली इतकी सुखद ऊब होती की दीड तास कसा गेला हे कळले नाही. बाहेर पडण्यासाठी पायरीवर उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा हाताला लागला म्हणून मी पाण्यात पडले नाही. पहाऱ्यावरच्या जीवरक्षक मुलीने मला धरून बसवले, पाणी पाजले आणि ‘कोण बरोबर आहे?’ असे विचारले. ‘कोणीही नाही’ हे उत्तर देताना जी भीती वाटली, ती मी विसरलेले नाही.

यामागचे कारण साधे आहे. गरम पाण्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. घाम येत असतो, पण पाण्यात तो जाणवत नाही, म्हणून तहानही लागत नाही. पाण्यात असेपर्यंत पायांवर पाण्याचा दाब असतो. बाहेर उभे राहताच तो नाहीसा होतो, रक्त पायांकडे उतरते आणि मेंदूला ते क्षणभर कमी पडते. उपाशी, तहानलेल्या आणि जागरण झालेल्या माणसाला हे लवकर होते, मद्य घेतलेल्याला त्याहून लवकर. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

आता मी उतरल्यावर पहिला पूर्ण दिवस मोकळा ठेवते आणि तलावावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, उजेडात जाते. रेक्याविकमध्ये डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सव्वाअकराच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनला मावळतो, त्यामुळे दुपारी बाराची वेळ मला सर्वांत सोयीची वाटते. तासभर आधी पोटभर नाश्ता करते आणि उतरण्यापूर्वी घरून नेलेला खजुराचा एक लाडू व दोन पेले पाणी घेते. वीस मिनिटे पाण्यात, मग थोडा वेळ बाहेर, पुन्हा पाणी पिऊन आत, असे दीड तासापेक्षा जास्त करीत नाही. निघताना सरळ उभी न राहता पायरीवर बसते, पाय पाण्यातच ठेवून शंभरपर्यंत अंक मोजते आणि मगच कठडा धरून उठते.

दुसरी चूक मला पहिलीइतकीच खटकते, कारण तिचा त्रास इतरांना होतो. आइसलँडमध्ये कोणत्याही सार्वजनिक तलावात उतरण्यापूर्वी सर्व कपडे उतरवून साबणाने अंघोळ करणे बंधनकारक आहे. डोके, काखा, जांघा आणि पावले नीट धुवावीत अशी चित्रे भिंतीवर लावलेली असतात. तिथल्या तलावांत क्लोरीन कमी ठेवतात आणि पाण्याची स्वच्छता येणाऱ्या प्रत्येकाच्या अंघोळीवर अवलंबून असते. आपल्याकडचे अनेक जण संकोचापोटी पोहण्याचा पोशाख अंगावर ठेवूनच फवाऱ्याखाली दोन क्षण उभे राहतात आणि पाण्याकडे पळतात. वज्रेश्वरीच्या किंवा पालीजवळच्या उन्हेरे येथील कुंडात कोणी मळकट अंगाने उतरले तर आपल्याला राग येतो. हा त्याच जातीचा प्रकार आहे. स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी असते, कोणी कोणाकडे पाहत नाही आणि ब्लू लगूनसारख्या ठिकाणी आडोशाच्या न्हाण्याही असतात. ज्यांना हे जमणारच नाही, त्यांनी पाण्यात उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केसांचा प्रश्न याला लागूनच येतो. ब्लू लगूनचे पाणी हे नैसर्गिक झऱ्याचे नसून १९७६ पासून चालू असलेल्या स्वार्त्सेंगी भूऔष्णिक वीजकेंद्रातून येणारे, समुद्राचे पाणी मिसळलेले पाणी आहे, आणि त्यातील सिलिका या वाळूसारख्या खनिजामुळेच त्याला तो दुधाळ निळा रंग दिसतो. हाच सिलिका केसांवर बसून त्यांचा काथ्या करतो. त्यावर उपाय म्हणून आपल्या सवयीप्रमाणे तेल चोपडून जाऊ नये, तेलाचा तवंग इतरांच्या पाण्यावर येतो. तिथे मिळणारे कंडिशनर भरपूर लावून, न धुता, केस वर घट्ट बांधावेत आणि ते शेवटपर्यंत तलावाच्या पाण्यात भिजू देऊ नयेत.

केस तलावात न भिजवण्याचे दुसरे कारण बाहेरच्या वाऱ्यात आहे. पुण्यात पारा आठ-दहा अंशांवर आला की आपण थंडी पडली म्हणतो, आणि रेक्याविकचे हिवाळी तापमान शून्याच्या आसपास असते हे वाचून पुष्कळांना धीर येतो. परंतु सिंहगडावर पहाटे कल्याण दरवाज्यापाशी उभे राहिल्यावर जो वारा लागतो, तो कितीतरी पटींनी वाढवून, ओल्या अंगावर घेतल्याची कल्पना करावी. जाड जॅकेट घेऊन प्रश्न सुटत नाही. आत लोकरीचा थर आणि बाहेर वारा अडवणारा थर लागतो. सुती जीन्स घालून जाऊ नये. न्हाणीघरातच अंग पूर्ण पुसावे, ओल्या पायांनी लॉकरच्या खोलीत येऊ नये, आणि लांब केस असतील तर ते वाळवण्यासाठी वीस मिनिटे हातात ठेवूनच परतीची बस ठरवावी.

भाड्याची गाडी स्वतः चालवण्याचा हट्ट पहिल्या हिवाळ्यात करू नये. बर्फाळ रस्ता, चार तासांचा उजेड आणि शेजारी नकाशा पाहणारे कोणी नाही, अशा स्थितीत बस उत्तम. तरीही गाडी घेतलीच, तर दार दोन्ही हातांनी धरून उघडावे; वाऱ्याने दार मागे उलटून मोडते आणि विमा ते नुकसान बहुधा भरून देत नाही.

आरक्षण हाती आहे म्हणजे तलाव उघडा असेलच, असे समजणे ही अलीकडची चूक आहे. १० नोव्हेंबर २०२३ रोजी ब्लू लगूनजवळचे ग्रिंडाविक गाव रिकामे करण्यात आले, १८ डिसेंबरला तिथे ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्यानंतर त्या भागात वारंवार उद्रेक होत राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर लाव्हा ब्लू लगूनच्या वाहनतळावर पसरला. पैसे परत मिळतील असेच आरक्षण घ्यावे, रोज सकाळी तिथल्या हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा पाहावा आणि तलाव बंद असल्यास हळहळत न बसता रेक्याविकमधील नगरपालिकेच्या तलावावर जावे. मला तर ते अधिक आवडतात, कारण तिथे रोज गरम पाण्यात गप्पा मारत बसणारी स्थानिक माणसे भेटतात.

आइसलँड शेंगेन या सामायिक व्हिसाच्या युरोपीय गटात असल्यामुळे व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो व किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. व्हिसा येण्यापूर्वी परत न मिळणारी तिकिटे काढू नयेत.

अंधारात किंवा एकट्याने डोंगरातल्या मोकळ्या झऱ्यांकडे जाऊ नये. गेसिर या उकळत्या झऱ्यांच्या परिसरातील पाणी ८० ते १०० अंशांचे असते आणि तिथली दोरी ओलांडणे हा गुन्हा समजावा.

नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, म्हणून कोणी तक्रार करू नये. पिण्यासाठी थंड पाण्याचा नळ थोडा वेळ वाहू द्यावा आणि मग पेला भरावा.

शेवटची गोष्ट चांदीची. मी जोडवी कधी काढत नाही, म्हणून दुसऱ्या खेपेस ती तशीच पायात राहिली. चार दिवसांच्या अंघोळींनंतर मोजे काढले तेव्हा ती तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती आणि त्यांच्याखालच्या कातडीवर करडी वळी उमटली होती. पाण्यातल्या गंधकाने चांदीवर सल्फाइडचा थर बसतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफांनी ती उजळून दिली, पण वेढ्यांच्या खाचांतला काळेपणा अजून दिसतो. तिसऱ्या खेपेस मी ती पुण्यातच, देव्हाऱ्याच्या खणात ठेवून गेले.