नोंदणी पद्धतीने लग्न: आधी नोटीस, मग तारीख

नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा सुरू होते ती तारखेची. कुणाची रजा, कुणाची परीक्षा, जेवणासाठी हॉल कधी मोकळा आहे. हे सगळं नंतर बघा. तुमची तारीख ठरते नोटिशीवरून, त्यामुळे हॉलला आगाऊ रक्कम देण्याआधी नोटीस दिलेली बरी.

असं लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लागतं, आणि त्याचं गणित असं आहे. आपण लग्न करणार असल्याची, दोघांच्या सहीची नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे द्यायची. ती नोटीसवहीत नोंदवली जाते आणि कार्यालयाच्या फलकावर लागते. लागल्यापासून 30 दिवस पूर्ण झाल्यावरच लग्न लावता येतं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लागलं नाही तर ती बाद होऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून. समजा 1 ऑक्टोबरला नोटीस दिली आणि त्याच दिवशी लागली, तर 1 नोव्हेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंतचे कामाचे दिवस तुमच्या हातात. त्यातून शनिवार-रविवार आणि दिवाळी वजा करा. सुट्टीवर येणाऱ्या परदेशस्थांमुळे डिसेंबरात गर्दी असते, आणि 14 फेब्रुवारीसारख्या तारखांना तर रांग लागते. 30 दिवस संपण्याची वाट न बघता नोटीस देतानाच पुढच्या तारखांची चौकशी करून ठेवा.

नोटिशीच्या आधीही 30 दिवसांची एक अट आहे. दोघांपैकी किमान एकजण ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची तिथे आदल्या 30 दिवसांत राहत असला पाहिजे. इथे जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा. नोकरी कुठे आहे याचा संबंध नाही. डोंबिवलीत राहून फोर्टात नोकरी करणाऱ्याचा जिल्हा ठाणे, पनवेलकराचा रायगड. भाड्याच्या घरात राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार महिन्यापूर्वीचा हवा. दोघंही परगावचे किंवा परदेशातले असाल तर एकाने महिनाभर आधी येऊन राहणं, मग नोटीस, मग आणखी महिना असा दोन महिन्यांचा हिशोब धरा.

कुठल्या कार्यालयात जायचं यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. लोक ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात खरं, पण न्यायालयाचा इथे काही संबंध येत नाही. विवाह अधिकारी राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाचा असतो, आणि या विभागाच्या संकेतस्थळावर नोटिशीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयातलं काम वेगळं: तिथे आधीच विधिवत लागलेल्या लग्नाची 1998 च्या महाराष्ट्र कायद्याखाली फक्त नोंद होते. मंगल कार्यालयात लग्न लागलेल्यांनी 90 दिवसांच्या आत तिथे जावं.

‘एका दिवसात कोर्ट मॅरेज करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटापासून सांभाळा. तो बहुतेक वेळा झटपट धार्मिक विधी उरकतो आणि त्याची पालिकेत नोंद करतो. दोघं वेगवेगळ्या धर्मांचे असाल तर त्यात कुणा एकाला धर्मांतराच्या कागदावर सही करावी लागते, आणि घाईत ती काय आहे हे वाचलंही जात नाही. विशेष विवाह कायद्यात कुणाला आपला धर्म सोडावा लागत नाही. सरकारी शुल्कही किरकोळ आहे, त्याची पावती मागून घ्या.

कागदपत्रं

वयासाठी जन्म दाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट. मुलाला 21 आणि मुलीला 18 वर्षं पूर्ण हवीत. वयाच्या पुराव्यासाठी एकट्या आधारवर विसंबू नका. राहण्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, सगळ्याची मूळ प्रत आणि झेरॉक्सचे दोन संच. घटस्फोट झालेला असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते आणि अपिलाची मुदत संपलेली असावी लागते. जोडीदाराचं निधन झालं असेल तर मृत्यू दाखला. परदेशी नागरिकाला पासपोर्ट आणि व्हिसासोबत आपण अविवाहित असल्याचं आपल्या दूतावासाचं पत्र लागतं. ते मिळवायलाच सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून त्याची सुरुवात आधी करा.

काम अडतं ते बहुधा नावावर. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर वडिलांचं नाव गायब. पासपोर्टवर ‘दीक्षित’चं स्पेलिंग तिसरंच. नोटिशीत जे नाव जातं तेच पुढे प्रमाणपत्रावर उतरतं. त्यामुळे सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून एकेक अक्षर जुळवा, आणि फरक असेल तर तो नोटिशीआधी दुरुस्त करा किंवा प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

आपल्याकडे हमखास निघणारी आणखी एक बाब म्हणजे मामाची किंवा आत्याची मुलगी. या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या निषिद्ध नात्यांत दोन्ही आहेत. रूढीची सवलत आहे, पण ती राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या रूढीपुरतीच. अशा नात्यात लग्न असेल तर नोटिशीआधी वकिलाला विचारा.

नोटिशीचे 30 दिवस

नोटीस कुणालाही वाचता येते. दोघांपैकी कुणाचं कायमचं वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथल्या फलकावर लागते. म्हणजे पुण्यात दिलेली नोटीस साताऱ्यातही दिसू शकते. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांनी हे गृहीत धरूनच पुढचं ठरवावं.

हरकत कुणीही घेऊ शकतो, पण कारण कलम 4 मधलंच हवं: आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणं किंवा निषिद्ध नातं. ‘आम्हाला हे लग्न मान्य नाही’ ही कायद्याने हरकत होत नाही, मग ती खुद्द आई-वडिलांची का असेना. हरकत आली तर अधिकाऱ्याने 30 दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो, आणि ती मान्य झाली तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. जिवाला धोका वाटत असेल तर पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अशा जोडप्यांना संरक्षण देण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या शक्ती वाहिनी निकालात दिलेले आहेत.

लग्नाचा दिवस

तीन साक्षीदार हवेत, प्रौढ आणि ओळखपत्रासह. चौथा तयार ठेवा, कारण एकाची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की सगळे खोळंबतात. खोली लहान असते, दहा-बारा माणसं पुष्कळ झाली. ठसा यंत्रावर घेतला जातो, म्हणून अंगठ्याच्या पेरावर मेंदी काढू नका. फोटोग्राफर आणायचा असेल तर आधी परवानगी विचारा.

आधी घोषणापत्रावर वधू-वर आणि साक्षीदार सह्या करतात. आपण अविवाहित, विधुर, विधवा किंवा घटस्फोटित आहोत, वय पूर्ण आहे, नातं निषिद्ध नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. मग लग्नाचा खरा क्षण येतो. अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर प्रत्येकाने दुसऱ्याला, दोघांना समजणाऱ्या भाषेत, ‘मी अमुक, तुला तमुकला, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’ किंवा ‘माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते’ असं म्हणायचं. हे शब्द उच्चारल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. ते पाठ करा, एकमेकांकडे बघून, साक्षीदारांना ऐकू जाईल असे म्हणा. गर्दीच्या दिवशी हे घाईत पुटपुटून उरकलं जातं, आणि तसं होऊ देऊ नये. हार घालणं, मंगळसूत्र बांधणं, अंगठ्या घालणं हे सगळं यासोबत चालतं, कारण विधी कुठलाही असावा याला कायद्याची मोकळीक आहे. जास्तीचं शुल्क भरून आधी अर्ज केला तर अधिकारी जवळच्या हॉलमध्ये किंवा घरीही येऊ शकतो.

प्रमाणपत्रावर सही करण्याआधी पेढे बाजूला ठेवून नावं, जन्मतारखा आणि पत्ते वाचा. एकदा सह्या झाल्या की वेलांटी बदलायलाही अर्ज करावा लागतो. त्यावर लग्नाआधीचंच नाव येतं. नाव बदलायचं असेल तर राजपत्राची प्रक्रिया वेगळी करावी लागते. व्हिसासाठी प्रमाणपत्राला अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणीकरण) लागणार असेल तर प्रमाणित प्रती त्याच वेळी मागून ठेवा.

वारशाबद्दलही दोघांनी आधी बोलून घ्या. दोघं हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल तर वारसा हक्कात फरक पडत नाही. एकजण दुसऱ्या धर्माचा असेल तर वारसा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो, आणि हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख जोडीदार एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचं मानलं जातं. वडिलोपार्जित जमीन असेल तर त्याचा अर्थ नोटिशीआधीच वकिलाकडून समजून घ्या.