नैरोबीला येताय? आधी पिवळं कार्ड, मग लोणचं

नवीन बदली झालेल्यांचे फोन मला आता पाठ झालेत. "काकू, कुकर तीन लिटरचा आणू की पाचचा? गोडा मसाला मिळतो का तिकडे? मुलांच्या शाळेला गणवेश असतो का?" कुकर इथे मिळतो. गोडा मसाला मिळत नाही, पार्कलँड्समधल्या गुजराती दुकानांत बाकी सगळं मिळतं. गणवेश असतो. आता माझा प्रश्न: पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, लस घेतलीत का? इथे बहुतेक जण गप्प होतात. मग उत्तर येतं, "कंपनीच्या माणसाने सांगितलं, केनियात कुणी विचारत नाही."

कंपनीचा माणूस खोटं बोलत नाही. भारतातून थेट नैरोबीला उतरलात तर सहसा तुमच्याकडे कुणी त्या लशीचं पिवळं कार्ड मागत नाही, कारण भारतात पीतज्वर नाही. विचारतात ते परत जाताना, आणि विचारतो आपलाच देश. केनिया भारताच्या पीतज्वर असलेल्या देशांच्या यादीत आहे. तिथून येणाऱ्या माणसाकडे लशीचं कार्ड नसेल, किंवा असून ते अजून लागू झालेलं नसेल, तर मुंबईच्या विमानतळावर त्याला बाजूला घेतात आणि सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. पासपोर्ट भारतीय असला, घरी कुणी आजारी असलं, तरी त्यात फरक पडत नाही.

हे मला कसं माहीत, ते सांगते. इतकी वर्षं सांगतेय, अजून एकदा.

2010 मध्ये माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं, सांगलीला, शनिवारी. मी एकुलती एक करवली. वरात दारात आली की दार अडवायचं माझं, आणि त्याबद्दल काय वसूल करायचं याची यादीसुद्धा मी करून ठेवली होती. आमच्या ट्रॅव्हल एजंटने तिकीट हातात देताना सहज विचारलं, "कार्ड आहे ना?" यांच्याकडे होतं. कामासाठी कंपालाला जावं लागायचं आणि युगांडा सगळ्यांकडेच मागतो, म्हणून यांनी आल्या आल्या लस घेतली होती. माझ्याकडे नव्हतं. एजंट म्हणाला, काही हरकत नाही, उद्या टोचून घ्या, कार्ड लगेच मिळतं. घेतली. गुरुवार होता तो. पुढच्या शुक्रवारी सकाळी मुंबईत उतरलो, कार्ड पुढे केलं, आणि काउंटरवरच्या बाईंनी बोटांवर मोजलं: आठ दिवस.

कार्ड लागू होतं लस घेतल्यापासून दहा दिवसांनी. शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला तेवढा वेळ लागतो, म्हणून. हे कार्डावर छापलेलं असतं आणि मी ते वाचलं नव्हतं. मला रविवारी सकाळी सोडलं. हे मात्र शुक्रवारीच बॅगा घेऊन सांगलीला पोचले, शनिवारी अक्षता टाकल्या, जिलेबी खाल्ली आणि फोनवर मला मेनू सांगितला. दार माझ्या चुलत बहिणीने अडवलं आणि पाचशे रुपयांत सोडलं. मी पोचले सत्यनारायणाच्या पूजेला. तिथली माणसं चांगली होती, चहा वेळेवर यायचा, तक्रार करायला काही जागाच नव्हती. चूक माझी होती. दहा म्हणजे दहा. आठही नाही आणि नऊही नाही.

आपला देश एवढा कडक का, असं पुष्कळ जण चिडून विचारतात. कारण साधं आहे. हा ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, डेंग्यू तोच पसरवतो. रोग मात्र अजून आलेला नाही. रोग घेऊन एक माणूस उतरला आणि त्याला अंधेरीतला डास चावला तर पुढचं सांगायला नको. डास चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात, म्हणून ते सहा दिवस. आणि ही नुसती भीती नाही. 2016 साली अंगोलात मोठी साथ होती, तेव्हा तिथे काम करणारे अकरा चिनी कामगार आजार अंगात घेऊन चीनला परतले. आशियात पीतज्वर असा पोचल्याची ती पहिलीच नोंद. त्याच साथीत लस इतकी कमी पडली की शेजारच्या काँगोतल्या किन्शासात एका डोसाचे पाच भाग करून लोकांना टोचावं लागलं. केनियातही 2022 च्या मार्चमध्ये इसिओलो भागात साथ जाहीर झाली होती. तेव्हा काउंटरवरच्या बाईंवर डाफरू नका.

आता कामाच्या गोष्टी. लस भारतातच घ्या, निघायच्या दोन महिने आधी हालचाल सुरू करा. कोणत्याही दवाखान्यात चालत नाही, सरकारने नेमलेलीच केंद्रं असतात. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयाची आहेत, पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात आहे. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे ठरलेल्या वारी, नाव नोंदवून, माणसं गोळा करून टोचतात. "उद्या जाऊन घेऊन येतो" हे तिथे चालत नाही. पासपोर्ट बरोबर न्या, कार्डावरचं नाव पासपोर्टातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, लशीचा बॅच क्रमांक आणि शिक्का तिथेच उभं राहून तपासा. लस न टोचता कार्ड देणारे महाभाग दोन्ही देशांत आहेत. आपल्यातलेच काही जण त्यांचे नंबर मोठ्या उपकाराच्या आवाजात पुढे पाठवतात. ते नंबर पुसून टाका.

कार्ड आयुष्यभर चालतं. पूर्वी दहा वर्षांची मुदत होती, जुलै 2016 पासून ती गेली. माझ्या 2010 च्या कार्डावर दहा वर्षंच लिहिलेली आहेत आणि ते अजून चालतं. "मुदत संपली, पुन्हा टोचा" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आईवडिलांचा मुद्दा मात्र नीट वाचा, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मुलीचं बाळंतपण करायला आई येते. तिलाही परत जाताना कार्ड लागतंच. पण ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रासाचा धोका थोडा वाढतो. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, छातीतल्या थायमस ग्रंथीचा विकार, यांत ती बहुधा देतच नाहीत. गरोदर बाईलाही सहसा टाळतात. त्यामुळे आईचं तिकीट काढायच्या आधी तिला डॉक्टरकडे न्या. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाकडे भारत कार्ड मागत नाही. त्याहून मोठ्या मुलांना गोवराची लस आणि ही लस एकाच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने द्यायची असते, हे बालरोगतज्ज्ञांना आठवण करून द्या.

कार्ड घरी कपाटात ठेवू नका. नामांगा ओलांडून अरुशाला सहलीला गेलात तर टांझानिया केनियाहून येणाऱ्यांकडे मागतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या सहलीत एक कुटुंब याच कारणाने सीमेवरून परत फिरलं, आणि त्यांच्या वाटणीची थालीपिठं आम्ही खाल्ली.

पोलिओचं एका ओळीत: 2014 पासून काही देशांतून येणाऱ्यांकडे भारत पोलिओच्या डोसाचा दाखला मागतो, त्या यादीत केनियाही होता, यादी बदलते, निघायच्या सहा आठवडे आधी बघून घ्या.

आता मलेरिया. यावर मी कितीही बोलले तरी नवी मंडळी हसतात. "काकू, मला ठाण्यात दोनदा झालाय." तुम्हाला ठाण्यात झाला तो बहुधा व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया. थंडी वाजून आली, गोळ्या खाल्ल्या, आठवड्यात कामावर. इथे चालतो तो फाल्सिपेरम. तो मेंदूपर्यंत जातो आणि दोन-तीन दिवसांत माणूस हातचा जाऊ शकतो. आणि लहानपणी झाला होता म्हणून आता होणार नाही, असलं काही नसतं.

गंमत अशी की नैरोबीत राहून हे कळत नाही. शहर जवळजवळ अठराशे मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही उंच. रात्री स्वेटर लागतो, डास असले तरी मलेरिया फारसा नाही. मग माणूस निर्धास्त होतो, नाताळच्या सुट्टीत मोम्बासाला जातो किंवा कामासाठी व्हिक्टोरिया सरोवराकाठी किसुमूला, आणि तिथे संध्याकाळी अर्ध्या चड्डीत बाहेर बसतो. आमच्या ओळखीतला एक मुलगा, पंचविशीचा, किसुमूहून आला आणि दहाव्या दिवशी ताप. त्याने पुण्याच्या घरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी बिचाऱ्यांनी व्हायरल म्हणून सांगितलं, त्यांना किसुमू कुठे आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं. चार दिवस क्रोसिन. पाचव्या दिवशी अतिदक्षता विभाग. वाचला, पण तीन आठवडे गेले आणि कंपनीचा विमा पुरला नाही.

म्हणून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. इथे औषधाच्या दुकानाला 'दुका ला दावा' म्हणतात, आपलं दुकान आणि आपली दवा, शब्द ओळखीचे वाटतात म्हणून तिथूनच परस्पर गोळ्या घेऊ नका. आधी तपासणी. मलेरिया निघाला तर आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनचे सहा डोस, तीन दिवस, आणि ते स्निग्ध खाण्याबरोबर किंवा दुधाबरोबर, नाहीतर अंगात नीट उतरत नाहीत. दुसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवणारे आपल्यात खूप आहेत. काटकसर तेलात करा, ह्यात नको. किनाऱ्यावर किंवा सरोवराकाठी जाण्याआधी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला, क्लोरोक्विन इथे उपयोगाचं नाही. मच्छरदाणीला इथे 'चांदारुआ' म्हणतात. हॉटेलात नसेल तर मागा, लाजू नका.

टायफॉइडची लस येण्याआधी घ्या. कॉलरा इथे अधूनमधून उसळतो, 2022 च्या अखेरीस सुरू झालेली साथ बराच काळ चालली. पाणी उकळून प्या. आम्हा मोठ्यांना लहानपणी गावच्या पाण्याने कावीळ होऊन गेलेली असते, पण कोथरूडच्या सोसायटीत फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांना हेपटायटिस ए ची लस लागते, हे पालकांच्या लक्षात येत नाही. कुत्रा चावला तर रेबीजची लस लगेच, तेवढं तुम्हाला गावाकडून माहीतच आहे.

शेवटचा विषय: साथीच्या बातम्या. 2014 साली पश्चिम आफ्रिकेत इबोला आला तेव्हा माझ्या सासूबाईंनी रोज फोन करून परत ये म्हणून धोशा लावला. मी नकाशा काढून दाखवला: नैरोबीपासून लायबेरियाचं मन्रोव्हिया मुंबईपेक्षा लांब आहे. पण आपल्या नातेवाइकांच्या दृष्टीने आफ्रिका म्हणजे एक तालुका. उलट चूक इथल्या मंडळींची. 2025 च्या जानेवारीत कंपालातच इबोलाचा रुग्ण सापडला, आणि कंपाला आमच्यापासून रस्त्याने एका दिवसावर आहे. तेव्हा ग्रुपवर कापूर आणि लवंगाची पोटली फिरत होती. इबोला आजारी माणसाच्या शरीरद्रवातून पसरतो, वासाने थांबत नाही. आरोग्य मंत्रालयाचं पत्रक वाचा, कंपालाची वारी पुढे ढकलता येत असेल तर ढकला आणि ग्रुप म्यूट करा. आपल्या माणसांना आजाराची भीती कमी आणि अफवेची आवड जास्त, असं माझं मत झालंय.

आणि सुट्टीत गावी गेल्यावर, अगदी महिन्याभरानेही ताप आला, तर डॉक्टरांपुढे बसताच पहिलं वाक्य "मी केनियाहून आलोय" हे बोला. ते विचारतील याची वाट बघू नका. मिरजेत माझ्या नणंदेने हे सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली.

कार्डाचा फोटो काढून घरच्यांनाही पाठवून ठेवा. अस्सल कार्ड पासपोर्टच्या पाकिटात, रबरबँड लावून. माझं तिथेच आहे, थोडं चहाचं डाग पडलेलं.